अभ्यासक्रम मुलांबरोबर वर चढू द्या

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून राज्यातील प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम बदलण्याचे काम सुरू झाले आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात त्याचा वर्गवार क्रम दिलेला होता. त्यानुसार २०२५-२६ मध्ये पहिली, २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, त्यानंतरच्या वर्षी पाचवी, सातवी, नववी व अकरावी आणि २०२८-२९ मध्ये उरलेल्या इयत्ता असे ठरले. त्याच निर्णयात मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य करण्यात आली आणि त्यावरून राज्यभर वाद पेटला. १७ जूनला सुधारित निर्णय आला, २९ जूनला तिसऱ्या भाषेसंबंधीचे दोन्ही निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. हा वाद व्हायलाच हवा होता. परंतु त्या गदारोळात एक गोष्ट पूर्णपणे मागे पडली. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या ज्या तीन विषयांवर प्राथमिक शाळेचा सगळा डोलारा उभा असतो, त्यांत नेमके काय बदलत आहे आणि ते कोणत्या क्रमाने मुलांपर्यंत पोहोचणार आहे, याची सार्वजनिक चर्चा जवळपास झालीच नाही.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि माझ्या नोकरीचा बराचसा काळ द्विशिक्षकी शाळांत गेला. त्या अनुभवाच्या आधारे मला एकच मागणी मांडायची आहे. नवा अभ्यासक्रम पहिलीत आला, की तो त्या मुलांबरोबर दरवर्षी एक इयत्ता वर चढावा. दुसरी, तिसरी आणि चौथी एकाच जूनमध्ये बदलण्याचा जो क्रम त्या निर्णयात आहे, तो जसाच्या तसा अमलात आणू नये.

नव्या अभ्यासक्रमाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा, म्हणजे बालवाडी ते दुसरीचा, जो राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला, तो मी बारकाईने वाचला आहे आणि त्यातील भाषा व गणिताचा भाग मला मनापासून पटतो. मूल आधी वस्तू हाताळते, मग त्याविषयी बोलते, मग चित्रातून तीच गोष्ट पाहते आणि अखेरीस चिन्हांत लिहिते, असा गणित शिकण्याचा क्रम त्यात सांगितला आहे. भाषेसाठी मौखिक भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन अशा चार भागांना दररोज वेळ देण्याची सूचना आहे. वर्गात उभे राहून शिकवलेल्या कोणालाही यात हरकत घेण्याजोगे काही सापडणार नाही. अडचण अशी आहे, की या प्रकारचा अभ्यासक्रम मागच्या वर्षीच्या कामावर उभा असतो. तिसरीचे पुस्तक लिहिताना मुलाने पहिली आणि दुसरीत त्याच पद्धतीने काम केले आहे असे गृहीत धरावेच लागते. ज्या मुलाने ते केलेले नाही, त्याच्या हाती ते पुस्तक जूनमध्ये ठेवले तर काय होते, हे एका साध्या उदाहरणातून सांगते.

तिसरीच्या मुलाला बावन्नमधून सत्तावीस वजा करायला सांगा. वर्गातील काही मुले पस्तीस असे उत्तर लिहितात. हा निष्काळजीपणा नसतो, त्यामागे एक ठाम नियम असतो. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन वजा करून पाच लिहिते, मग पाचातून दोन वजा करून तीन लिहिते. मोठ्यातून लहान काढायचे एवढेच त्याच्या मनात पक्के झालेले असते. ही चूक फळ्यावर हातच्याची रीत दहा वेळा करून दाखवल्याने जात नाही. मुलाने दहा दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवाव्या, सत्तावीस काढून घेताना सुट्या काड्या पुरत नाहीत हे स्वतः पाहावे, एका गठ्ठ्याचा रबर काढून त्याच्या दहा सुट्या कराव्या आणि मगच कागदावर लिहावे, तेव्हा ती जाते. ज्या मुलांनी दुसरीत गठ्ठे बांधले आणि सोडले, त्यांना तिसरीत चित्रातील एक गठ्ठा सुटलेला दाखवला तरी पुरते. ज्यांनी दुसरीत केवळ उभी मांडणी गिरवली, त्यांना ते चित्र म्हणजे पुस्तकातील आणखी एक सजावट वाटते. शिक्षकाला त्यांच्यासाठी मागे जावे लागते आणि मागे जायला त्याच्या वेळापत्रकात तास नसतो.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास ठरवून दिले आहेत. म्हणजे दिवसाला चार तास. त्याच कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. पहिली ते चौथीच्या अशा शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येतात, म्हणजे कागदावरच्या चार तासांपैकी प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचे थेट लक्ष सरासरी दोनच तास येते आणि उरलेला वेळ मुले स्वयंअध्ययनात घालवतात. तिसरी-चौथी सांभाळणाऱ्या शिक्षिकेची स्थिती अशी, की एका जूनमध्ये तिच्यासमोर दोन इयत्तांच्या तिन्ही मुख्य विषयांची नवी पुस्तके येणार. तिची मुले जुन्या पद्धतीने शिकून आलेली असणार आणि शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याकडे दुसरीचे पुस्तक नवे, तर पहिलीचे अवघ्या एका वर्षाच्या ओळखीचे असणार. शहरातील ज्या शाळेत प्रत्येक तुकडीला स्वतंत्र शिक्षक आहे, तिथे हा बदल जड जाईल पण पेलेल. द्विशिक्षकी शाळेत तो पेलणार नाही. अशा शाळांत शिकणारी मुले बहुतांशी अशा घरांतील आहेत, जिथे शाळेत राहून गेलेले घरी भरून काढणारे कोणी नसते. वेळापत्रक आखताना बहुवर्ग अध्यापनाचा विचार झाला असता, तर तीन सलग इयत्ता एका वर्षात बसवल्या गेल्या नसत्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे प्राथमिकची पुस्तके फार लवकर लवकर बदलतात, ही याच दुखण्याची दुसरी बाजू. प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम २०१२ नुसार पहिली-दुसरीची पुस्तके २०१३ मध्ये आली. पहिलीचे पुस्तक २०१८ मध्ये पुन्हा नवे झाले आणि दुसरीचे २०१९ मध्ये. त्यानंतर सर्व विषय एकत्र गुंफलेली, मराठीबरोबर इंग्रजी शब्द देणारी, वर्षभरासाठी चार भागांत विभागलेली एकात्मिक पुस्तके पहिलीत आली. आणि २०२५ पासून पुन्हा नवा अभ्यासक्रम. यातील प्रत्येक बदलामागे विचार करणारी, कष्ट घेणारी माणसे होती, हे मी जाणते. बालभारतीच्या पुस्तकांविषयी माझ्या मनात आदर आहे आणि १९६७ पासून या संस्थेने मराठी मुलांच्या हाती जे दिले, त्याचे मोल मोठे आहे. तरीही एक पुस्तक शिक्षकाच्या हाती बसायला तीन-चार वर्षे लागतात. पहिल्या वर्षी तो पुस्तकामागून चालतो, दुसऱ्या वर्षी मुले कुठे अडतात हे त्याला आधीच ठाऊक असते आणि तिसऱ्या वर्षी तो पुस्तकाबाहेरचे स्वतःचे साहित्य तयार करू लागतो. आपण नेमके त्याच सुमारास पुस्तक काढून घेतो.

त्याहून अधिक खटकते ते हे, की एक बदल काढून दुसरा आणताना पहिल्यातून काय निष्पन्न झाले, हे लोकांपुढे मांडण्याची आपल्याला सवय नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या नावांबरोबर वीस एक, वीस दोन अशी संख्यावाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा केवढा गहजब झाला ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण नीट समजावून सांगितले होते. मराठी संख्यानामांत एकक आधी ऐकू येतो आणि दशक नंतर, शिवाय जोडाक्षरांमुळे ती नावे लहान मुलांना अवघड जातात. सत्त्याण्णव ऐकून ७९ लिहिणारी मुले दुसरीच्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली आहेत, त्यामुळे समितीने हात घातलेला प्रश्न अगदी खरा होता. चर्चा मात्र भाषेचे काय होणार या एकाच अंगाने झाली, विधिमंडळातही तो विषय निघाला आणि बाजूने बोलणारे व विरोधात बोलणारे दोघेही आपापल्या ठिकाणी ठाम राहिले. दोन्ही पद्धतींनी शिकलेल्या मुलांना वर्षअखेरीस पन्नास संख्या ऐकून लिहायला लावल्या असत्या, तर उलटे लिहिण्याचे प्रमाण घटले की नाही हे आठवडाभरात कळले असते. त्यासाठी मोठा प्रकल्प लागत नाही, एक कागद आणि काही केंद्रांतील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटांतील, शाळा पुरतात. असे निष्कर्ष पालकांसमोर ठेवले असते, तर वादाला काही आधार मिळाला असता.

पाठ्यपुस्तकांत वहीची पाने घालण्याच्या निर्णयाबाबत निदान आढावा तरी घेतला गेला. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून ती पाने आली, मुले तरीही वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि २०२५-२६ पासून ती पाने बंद झाली. एक साधी बाब तपासून पाहून मागे घेता येते, तर संख्याज्ञान आणि वाचन शिकवण्याच्या पद्धतीही तपासून मगच पुढे नेता येतील.

वाचनाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पहिलीत तीच पायाची गोष्ट आहे. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित करता यावे, हे त्याचे ध्येय आहे. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९ पर्यंत आणि तिसरीत ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, अशी त्याची इयत्तावार लक्ष्ये आहेत. ती लक्ष्ये सोपी, थोडी आणि स्पष्ट आहेत. मुलांना वाचता आणि गणित करता येते का हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते आणि २०१८ मध्ये २०.९ टक्के. आकडा अजूनही लाज वाटावी असाच आहे, पण दोन वर्षांत झालेली वाढ कमी नाही. थोडी लक्ष्ये ठरवून शिक्षकांना त्यांवरच काम करू दिले, याचे हे फळ आहे असे मी मानते. आता २०२६-२७ याच वर्षी, म्हणजे अभियानाची मुदत संपत असतानाच, दुसरी आणि तिसरीची पुस्तके बदलायची, हा योग मला अजिबात बरा वाटत नाही.

पहिलीतील एखादे मूल पानावर बोट फिरवत धडा घडाघडा वाचते आणि पाहुण्यांना कौतुक वाटते. त्याच पानावरील एक शब्द सोडून बाकीचे हाताने झाका आणि तो शब्द विचारा, की मूल पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागते आणि त्या शब्दापाशी येऊन थांबते. त्याला पान पाठ झालेले असते, अक्षर ओळखीचे झालेले नसते. मूळाक्षरे आणि बाराखडी क्रमाने घोटवण्याऐवजी मोजकी अक्षरे आणि एक-दोन स्वरचिन्हे घेऊन लगेच शब्द बनवायला देणे हा यावरचा चांगला उपाय आहे आणि अनेक शिक्षक तो वापरतात. पण अक्षरांचा कोणता गट आधी, जोडाक्षरे केव्हा, हा क्रम पहिली आणि दुसरीच्या पुस्तकांत एकमेकांना धरून असावा लागतो. एका पुस्तकाच्या क्रमाने पहिली संपवलेल्या मुलाला दुसऱ्या क्रमाच्या पुस्तकात ढकलले, तर मधली काही अक्षरे कोणीच न शिकवलेली राहतात. मग ते मूल चौथीतही पुष्कळ हा शब्द पुषकळ असाच वाचते.

परिसर अभ्यासाविषयी माझे म्हणणे थोडक्यात आहे. तिसरीला आपल्याकडे जिल्हावार पुस्तके आहेत आणि चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास आहे. शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात तिसरी ते पाचवीसाठी भोवतालचे जग हा एकत्रित विषय सुचवलेला आहे आणि मांडणी म्हणून तो चांगला आहे. मात्र तो आणताना जिल्ह्याची नदी, जिल्ह्यातील पिके, जिल्ह्याचा नकाशा पुस्तकातून हलता कामा नये. आपल्या तालुक्याच्या नकाशावर आपले गाव शोधणारे मूल नकाशा म्हणजे काय हे जितके पटकन समजते, तितके ते देशाच्या नकाशावरून समजत नाही.

कोणताही नवा विषय किंवा घटक आणताना त्याच्यासाठी काय कमी केले, हे शासन निर्णयातच लिहिले जावे, असाही माझा आग्रह आहे. ८०० तास वाढत नाहीत. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा तिचे तास वेळापत्रकात इतर विषयांतूनच निघाले. तिसऱ्या भाषेच्या वादातही हाच मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. सहा वर्षांच्या मुलाच्या मराठी वाचनातून आणि अंकज्ञानातून आठवड्याला किती तासिका जाणार, हे कोणी सांगितलेच नाही. समित्या विषयवार असतात, प्रत्येक समितीला आपला विषय थोडा हवा असतो आणि त्या सगळ्यांची बेरीज शेवटी एका मुलाच्या एका दिवसात होते. ती बेरीज करणे हे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे काम आहे आणि तिने ते इयत्तावार तक्त्याच्या रूपात पुस्तके छापण्यापूर्वी प्रसिद्ध करावे.

प्रशिक्षणाबाबत शिक्षक वर्षानुवर्षे जे बोलतात, तेच मीही लिहिते. राज्य, जिल्हा, तालुका आणि केंद्र अशा पायऱ्या उतरत प्रशिक्षण शाळेपर्यंत येते, तोवर मूळ विषयातील बराचसा ऐवज गळून जातो आणि पडद्यावरच्या चौकटी वाचून दाखवणे तेवढे उरते. पुष्कळदा पुस्तक हाती येण्याआधीच त्या पुस्तकाचे प्रशिक्षण उरकलेले असते. जर दरवर्षी एकच इयत्ता बदलली, तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्या इयत्तेचे शिक्षक वर्षभर दर महिन्याला पुस्तक समोर ठेवून बसू शकतील, मुले कुठे अडली हे एकमेकांना सांगू शकतील आणि त्या नोंदी पुढच्या इयत्तेचे पुस्तक लिहिणाऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचतील. तीन इयत्ता एकदम बदलल्या, की ही संधीच उरत नाही, कारण तिन्ही पुस्तके आधीच छापून झालेली असतात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की एकेक इयत्ता घेत गेले तर धोरण बारावीपर्यंत पोहोचायला दशकाहून अधिक काळ लागेल. माध्यमिक वर्गांसाठी स्वतंत्र क्रम लावता येईल, कारण तिथे विषयशिक्षक असतात आणि सहावीपासून नव्याने सुरुवात करणे तुलनेने सोपे आहे. पहिली ते पाचवीच्या साखळीला मात्र पाच वर्षे द्यावीच लागतील. पहिलीत २०२५ मध्ये आलेले मूल २०२९ मध्ये पाचवीत जाईल. पुस्तकालाही तेवढीच वर्षे मिळाली, तर एकाही मुलाला मधल्या इयत्तेत वेगळ्या पद्धतीत उडी मारावी लागणार नाही. तिसऱ्या भाषेचा निर्णय सरकारने लोकभावना पाहून मागे घेतला. वर्गवार क्रम बदलण्यासाठी तर कोणाला माघार घ्यावी लागत नाही, फक्त तारखा पुन्हा लावाव्या लागतात.

एवढे करूनही शासनाला तिन्ही इयत्ता एकदम बदलायच्याच असतील, तर तिसरी आणि चौथीच्या मुलांसाठी सेतू साहित्य तयार करावे. करोनानंतर जुलै २०२१ मध्ये राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबवला होता, त्यामुळे ही कल्पना शाळांना नवी नाही. त्या वेळी तो मागील वर्षाचे राहिलेले भरून काढण्यासाठी होता. या वेळी तो अधिक नेमका असावा. नव्या तिसरीने दुसरीकडून कोणत्या दहा-बारा गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्यांची यादी, प्रत्येकीसाठी एक छोटी चाचणी आणि काड्या, मणी, शब्दपट्ट्या यांच्या साहाय्याने करायच्या कृती, एवढी पाने पुरतील. द्विशिक्षकी शाळेसाठी त्यांची वेगळी मांडणी द्यावी, म्हणजे एक इयत्ता ती कृती करत असताना शिक्षक दुसऱ्या इयत्तेजवळ बसू शकेल. ही पाने उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी, एप्रिलमध्येच, शिक्षकांच्या हाती पडावीत आणि पहिल्या घटक चाचणीपर्यंतचा काळ त्यांच्यासाठी मोकळा ठेवल्याचे शिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका